तेराव्या मिनिटाला

अंबूताई नेसरीकरांचा मारवा, नाशिकरोड,
जानेवारी अठ्ठ्याहत्तर, शाळेचा हॉल, दिवेलागण.
स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून फोनात आलेला.
तेराव्या मिनिटाला कुणीतरी खोकतं.

नेमकं रिषभावर.
षड्जाला हुलकावण्या देत देत
बाई त्या कोमल रिषभाशी येऊन उभ्या राहतात
आणि पुढच्या रांगेतून
ओला, खोल, बिडीचा खोकला.

आमच्या मंडळात दोनशे बारा माणसं.
नियम मीच लिहिले : सकाळची फुलं नकोत,
राजकारण नको, दुसऱ्या बाईंशी तुलना जपून.
खोकल्याबद्दल काही सुचलं नव्हतं.

पिंगळे म्हणाले, रिषभ तिथे चढलाय,
खोकल्यानं बाईंची अब्रू राखली.
शकील कोकणींनी रात्री पावणेबाराला लिहिलं,
"साहेब, कान दाखवून घ्या. मेनरोडला डॉक्टर आहे."
झालं.
देवळाली कॅम्पातून, म्हसरूळमधून,
मुलीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेलेल्यांकडूनसुद्धा
कुणी कुणाचा गुरू काढला, कुणी घराणं,
कुणी पंचवीस वर्षांपूर्वी नेऊन परत न केलेली कॅसेट.
चौघं बाहेर पडले. तिघं परत आले,
"चुकून दाबलं गेलं" म्हणत.
चौथे पिंगळे.
त्यांनी वेगळं मंडळ काढलं, 'शुद्ध नेसरीकर',
आणि पहिला सभासद म्हणून मलाच घेतलं.

खैरनार सातपूरला मोटारींचे आवाज मोजतो.
तीन रात्री जागून त्यानं खोकला उपटून काढला.
"ऐका आता."
ऐकलं.
तिथे भोक होतं.
तानपुरासुद्धा नाही.
भोकापलीकडून षड्ज एकदम उगवला,
जिना नसलेल्या माडीवरून
कुणी हाक मारावी तसा.

बघा, बाई थांबल्याच होत्या, असं पिंगळे.
तुमच्या यंत्रानं खाल्ला, असं कोकणी.

मग कुसुम दोंदे.
सात वर्षांत एक अक्षर नाही, अंगठासुद्धा नाही.
"खोकला काढू नका. दादांचा आहे.
प्रेसमध्ये शाईखात्यात होते. त्याच मार्चमध्ये गेले.
दुसरा आवाज नाही आमच्याकडे."

दिवसभर कुणी काही बोललं नाही.
'लिहीत आहे' असं उमटायचं, विझायचं.
कोण होतं ते कळायच्या आत.

तिसऱ्या दिवशी गोसावी :
"माफ करा ताई, पण तो आमचा काका.
प्रेसचाच, कटिंगचा."
मग पेटीवाल्यांचा नातू.
मग जेलरोडच्या एक शिंपीबाई, सासऱ्यांसाठी.
शनिवारपर्यंत खोकल्याला पाच वारस.
सतरंजीचा नकाशा निघाला, कोण कुठे बसलेलं,
खांब कुठे, दार कुठे,
आणि एकानं तर लिहिलं
की खोकला काळी पाचच्या जवळपास आहे.
माझ्या वडिलांना तेव्हा दमा होता.
मी लिहून पुसलं.

रविवारी मिसळीला जमलो, वार्षिक.
दोन मंडळं, दोन टेबलं,
मधून रश्श्याचं एकच भांडं फिरत होतं.
कुसुमबाई आल्या. राखाडी स्वेटर, मफलर,
थंडीनं ओठ उललेले.
त्यांच्या फोनचा स्पीकर फाटलेला, म्हणाल्या,
नीट कधी ऐकलंच नाही.
कोकणींनी आपले इयरफोन रुमालानं पुसून दिले,
पिंगळ्यांनी खुर्ची सरकवली.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.
बारा मिनिटं.
पाव गार झाले. पोऱ्या दोनदा येऊन गेला.

तेराव्याला
त्यांनी डोळे उघडले नाहीत.
नुसता हात पुढे गेला
आणि पाण्याचा पेला
टेबलाच्या रिकाम्या बाजूला सरकवला.

बराच वेळ तो तिथेच.
मग पिंगळे, अगदी हळू,
"रिषभ चढलाय मात्र."
कोकणी लिंबू पिळत म्हणाले,
"उद्या बघतो तुमच्याकडे."